ओळखीचा एक माणूस

नव्या देशाच्या विमानतळावर काचेमागे बसलेल्या अधिकाऱ्यानं माझ्या बायकोला विचारलं, "हे दोघं तुमच्याबरोबर आहेत का?" 'हे दोघं' म्हणजे मी आणि आमची आठवीतली लेक. बायको "हो" म्हणाली. त्यानं तिचा हुद्दा आदरानं वाचला, तिच्याकडे बघून हसला आणि आम्हा दोघांच्या कागदांवर धाड धाड शिक्के मारले. शिक्क्यातल्या शब्दाचा अर्थ लेकीनं फोनवर शोधून काढला.

"बाबा, तू आणि मी 'अवलंबित' आहोत!" ती आनंदानं म्हणाली.

तिला आनंद होणारच. ती जन्मापासून अवलंबित होती. मला त्या क्षेत्रातला काहीच अनुभव नव्हता.

माझा अनुभव पंपांचा. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी बावीस वर्षं दर्जा तपासणीत काढली आणि शेवटी शेवटी त्या विभागाचा प्रमुख झालो. माझ्या सहीशिवाय पंप फाटकाबाहेर पडत नसे. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे जखडलेले खांदे आणि धरलेल्या कंबरा ती पुन्हा चालू करून देते. तिला इथल्या रुग्णालयातून बोलावणं आलं, तेव्हा आमचे साहेब मला म्हणाले, "अहो, जाऊन या वर्षभर. बिनपगारी रजा देतो. तुमची खुर्ची तशीच ठेवतो, काळजी नको." रजेवर जाणाऱ्याचा निरोप समारंभ करत नाहीत, म्हणून नुसता चहा झाला.

रजा असली म्हणून काय झालं? धडधाकट माणसानं वर्षभर घरी बसायचं म्हणजे काय? इथंही काहीतरी काम मिळवायचंच, असं मी ठरवलं. हल्ली त्यासाठी जोडे झिजवावे लागत नाहीत, नोकरी घरबसल्या मिळते, असं ऐकून होतो. त्यातला 'घरबसल्या' हा भाग शंभर टक्के खरा निघाला.

सकाळी बायको रुग्णालयात आणि लेक शाळेत गेली, की मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी संगणक उघडून बसायचो. घरात कुणी बघत नसलं तरी माणसानं शिस्त सोडू नये. नोकऱ्यांच्या संकेतस्थळानं माझं नाव, गाव, शिक्षण विचारलं आणि शेवटी फर्मावलं, 'आपली कौशल्यं तीन शब्दांत सांगा.' बावीस वर्षं तीन शब्दांत! बराच विचार करून मी लिहिलं: पंप, दाब, गळती.

दुसऱ्या दिवसापासून नोकऱ्यांचा पाऊस सुरू झाला. 'पंप' वाचून एका पेट्रोल पंपानं मला रात्रपाळीला बोलावलं. एका सायकलच्या दुकानाला चाकात हवा भरायला माणूस हवा होता. बाळंतिणींच्या वस्तूंच्या एका दुकानानं दूध काढायच्या पंपाची माहिती द्यायला 'हसतमुख व्यक्ती' शोधत असल्याचं कळवलं. 'दाब' वाचून एका फोन कंपनीनं मला दबावाखाली काम करायला आवडतं असा समज करून घेतला. आणि 'गळती'वरून लहान मुलांचे लंगोट बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र आलं. त्यातल्या त्यात तेच माझ्या विषयाच्या जवळचं होतं, हे मी नंतर शांतपणे विचार केल्यावर मान्य केलं.

याच सुमारास वरच्या मजल्यावरचे काका माझ्या आयुष्यात उतरले. उतरले म्हणजे शब्दशः, जिन्यातून. काका तीस वर्षांपूर्वी या देशात आलेले. टपाल खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. मुली लग्न होऊन दूरच्या शहरांत. काकू फारसं बोलत नाहीत. काकांशी संसार करणाऱ्या बाईला बोलायला फट तरी कुठून मिळणार? काका रोज सकाळी कडक इस्त्रीत जिन्याच्या मधल्या वळणावर उभे असायचे. भाजीच्या पिशव्या घेऊन वर येणारा माणूस त्यांच्या तावडीतून सुटला, असं इमारतीत कुणी सांगत नाही.

"नोकरी शोधताय म्हणे," ते म्हणाले. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. "बायोडाटा दाखवा बघू."

मी वर जाऊन कागद आणला. काकांनी तो जिन्यातच वाचला आणि डॉक्टर रक्ताचा अहवाल बघून करतात तसा चेहरा केला.

"अनुभव फार आहे हो तुम्हाला."

"मग चांगलंच की, काका."

"छे छे! इथं अनुभवाला घाबरतात. जास्त अनुभव म्हणजे जास्त वय, जास्त पगार आणि वर जास्त अक्कल शिकवणार. कमी करा."

"अनुभव कमी कसा करायचा?"

"पुसून!" काका म्हणाले.

मी जड अंतःकरणानं बावीसची दहा वर्षं केली. एका बोटाच्या दाबानं बारा वर्षं नाहीशी झाली. माझं लग्न आणि लेकीचा जन्म त्याच बारा वर्षांतला होता, पण काकांचा सल्ला मोडवेना.

त्याच संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. त्याला नोकरी बदलायचा दांडगा सराव आहे. "भाऊजी, काही म्हणजे काही वगळू नका," तो म्हणाला. "शाळेतलं वक्तृत्वाचं बक्षीससुद्धा टाका. आपण तिथं परके आहोत, आपल्याला कोण ओळखतंय? वजन पडलं पाहिजे." म्हणून मी दुसरा एक बायोडाटा तयार केला, सहा पानी. दोन्ही संगणकात शेजारी शेजारी ठेवले आणि एकदा घाईत दोन्ही एकाच कंपनीला गेले. त्यांचं उत्तर सौजन्यपूर्ण होतं. 'आपण आणि आपले वडीलबंधू, दोघांचेही अर्ज मिळाले. एका कुटुंबातल्या दोघांना घेण्याची आमची पद्धत नाही.'

इथपर्यंत फक्त माझंच हसं होत होतं, ते चाललं असतं. पण खातं उघडताना संकेतस्थळानं इथला फोन नंबर मागितला होता. माझा अजून यायचा होता, म्हणून मी बायकोचा दिला होता. नंतर तो बदलायचा राहून गेला. एके दिवशी बायको एका आजोबांचा गुडघा वाकवत असताना टेबलावरच्या तिच्या फोनवर ठळक अक्षरं उमटली: 'आपण नोकरी सोडू इच्छिता, हे ऐकून आनंद झाला! पेट्रोल पंपावरची रात्रपाळी आपली वाट पाहत आहे.' बाजूला तिच्या विभागप्रमुख बाई उभ्या होत्या. बायकोला कामाला लागून जेमतेम तीन महिने झालेले. नोकरी अजून कायम व्हायची होती. बाईंनी तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही इथं खूश नाही का?"

"त्यांना वाटलं, मी पेट्रोल पंपावर चाललेय," घरी आल्यावर बायकोनं शांतपणे सांगितलं.

मी कान पाडून बसलो होतो. आता सुरू होईल, आता सुरू होईल, म्हणून वाट पाहत होतो. तिकडे आमच्या घरी पलंगावर ओला टॉवेल टाकला म्हणून ही बाई मला दोन दिवस ऐकवत असे. त्यात माझ्या आईच्या वळणापासून माझ्या एकूण स्वभावापर्यंत सगळं यायचं.

"नंबर तेवढा बदलून घे," ती म्हणाली, "आणि वाईट वाटून घेऊ नकोस." मग तिनं कप विसळले आणि ती लेकीचा अभ्यास बघायला गेली.

मला घाम फुटला. हे काहीतरी भलतंच होतं. मी मागे वळून पाहिलं, तर इथं आल्यापासून ती माझ्यावर एकदाही ओरडली नव्हती. मी भात करपवला, तरी "चालेल, वरचा चांगला आहे" म्हणाली. खालची पत्रांची पेटी मी आठवडाभर उघडायची विसरलो, तरी "होतं असं" म्हणाली. तिच्या आईचा फोन आला होता, तेव्हा आतल्या खोलीतून ऐकू आलं, "ते ना? ते सध्या घरूनच काम करतात." घरूनच काम! मी हातातला झाडू हळूच कोपऱ्यात उभा केला. बायको आपल्याला सांभाळून घेतेय हे कळणं, आणि तिनं आपल्याला झोडपणं, यातलं काय निवडाल असं कुणी विचारलं असतं तर मी दुसरं निवडलं असतं. पण हे तिला सांगणार कसं? 'जरा भांड ना' असं म्हणता येत नाही.

मी अर्जांची संख्या वाढवली. एका कंपनीनं व्यक्तिमत्त्वाची चाचणी घेतली. 'पार्टीत आपण कोपऱ्यात उभे राहता का?' 'रांगेत कुणी मधे घुसल्यास आपण काय करता?' असले प्रश्न. मी खरी उत्तरं दिली. मला प्राण्यांबरोबर काम करणं अधिक मानवेल, असा निष्कर्ष निघाला.

दुसऱ्या एकीनं मुलाखतीला बोलावलं. तीही घरबसल्याच, आणि समोर माणूस नाही! पडद्यावर प्रश्न उमटणार, आपण आपल्याच चेहऱ्याकडे बघत उत्तर द्यायचं आणि यंत्र ते टिपून घेणार. लेकीनं माझ्यामागची वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी काढली आणि ती संगणकापलीकडे उभी राहिली.

"बाबा, हस."

"कशाला?"

"कशाला नाही. नुसतं हस."

मी हसलो. पडद्यावरचा माणूस दात दुखत असल्यासारखा दिसायला लागला. 'पाच वर्षांनी आपण स्वतःला कुठे पाहता?' असा प्रश्न उमटला. मी घसा साफ केला. तेवढ्यात उघड्या दारातून काका आत आले, त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून प्रश्न वाचला आणि थेट यंत्राला सांगितलं, "इथंच! तुमच्याच कंपनीत! हा माणूस कुठं जाणार नाही हो, याला जायला जागाच नाही!" वेळ संपली. उत्तर जमा झालं.

सगळीकडून नकार येत होते आणि त्यांचा घाट एकच होता. 'आपल्या अर्जानं आम्ही अत्यंत प्रभावित झालो आहोत, तथापि...' पुढचं वाचायची गरज नसे. काही दिवसांनी लेक शाळेतून आल्या आल्या विचारायला लागली, "बाबा, आज किती तथापि?" मी हसून आकडा सांगायचो. एकदा ती विचारायची थांबली. मला तेव्हा कळलं, की आईसारखीच लेकही आता मला सांभाळायला लागली आहे.

जेवताना माझं एक चाललेलं असे. घड्याळाकडे बघून मी म्हणायचो, "आता तिकडे दुसरी पाळी सुरू झाली असेल." किंवा, "आज तिकडे मालाची गाडी भरायचा वार." बायको "हं" म्हणायची आणि वाढायची.

शेवटी मी खाली उतरलो. म्हणजे मनानं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं रुग्णालय आहे. बायकोचं नव्हे, वेगळं. तिथं प्रवेशद्वाराशी चौकशीच्या टेबलावर अर्ध्या दिवसाचा माणूस हवा होता. आलेल्याला क्ष-किरण कुठं, रक्त कुठं द्यायचं, जिना कुठला, हे सांगायचं. विभागप्रमुखाला एवढं जमू नये? मी अर्ज भरला. शेवटच्या रकान्याशी आलो आणि अडकलो. 'या देशात आपल्याला ओळखणारी, नात्यात नसलेली एक व्यक्ती.'

मी खुर्चीला टेकून विचार करत बसलो. बसचा चालक मला ओळखत होता, पण थांब्यावर थांबण्याइतका नाही. दुकानातली बाई मला ओळखायची ते मी रोज चुकीची नाणी देतो म्हणून. लेकीच्या शाळेत मी 'तिचे बाबा' होतो आणि बायकोच्या रुग्णालयात 'तिचे यजमान'. तिकडे कारखान्याच्या फाटकापासून घरापर्यंत चालत गेलो, तर नमस्कार घेता घेता हात दुखायचा. इथं एवढ्या मोठ्या शहरात, मी उद्या दिसलो नाही तर ज्याला चुकल्यासारखं होईल असा नात्याबाहेरचा माणूस कोण? खूप वेळानं एकच नाव सुचलं. ते जिन्यात उभं होतं.

"अहो, त्यात विचारायचं काय!" काका छाती फुगवून म्हणाले. "येऊ दे त्यांचा फोन. असं सांगतो, असं सांगतो, की बघाच!"

ते ऐकूनच मला धोक्याची जाणीव व्हायला हवी होती.

दोन-तीन दिवसांनी दुपारी दार वाजलं. दारात काका उभे होते, पण आत येईनात. बरं, काही बोलेनातही. काकांना गप्प मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांना धरून आणून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"फोन आला होता," ते म्हणाले.

"मग?"

"बाई चांगल्या होत्या बोलायला. म्हणाल्या, माणूस कसा आहे? म्हटलं, सोनं आहे. म्हणाल्या, लोकांशी कसे बोलतात? आता खोटं कसं बोलायचं? म्हटलं, बोलत नाहीत हो, तेवढंच आहे. रस्ता विचारला तर नकाशा काढून देईल, पण सोबत चार पावलं यायचं त्याला सुचणार नाही."

"काका!"

"ऐका तर. मग त्या म्हणाल्या, तुमच्या मते या कामाला माणूस कसा हवा? आता एवढं विचारल्यावर... मी सांगितलं. आलेला माणूस घाबरलेला असतो, त्याला आधी बसवायचं, कुठून आलात विचारायचं, मग खोली सांगायची. टपालाच्या खिडकीत मी तेच करत आलो. बोलता बोलता अर्धा-पाऊण तास झाला असेल. मग त्या म्हणाल्या..." काकांनी ग्लास टेबलावर ठेवला. "म्हणाल्या, तुम्ही सध्या काय करता?"

मला कळायला थोडा वेळ लागला. म्हणजे माझी शिफारस करायला ठेवलेल्या माणसालाच त्यांनी नोकरी दिली होती! सत्तरीकडे झुकलेल्या, निवृत्त, नोकरी न मागणाऱ्या माणसाला. आणि मी इथं अनुभव पुसत बसलो होतो. डोक्यात एक सणक गेली.

"मी नाही म्हणून कळवतो," काका घाईनं म्हणाले. "आत्ताच कळवतो. विचार करून सांगतो एवढंच म्हटलंय मी."

ते उठले, पण दारापाशी थांबले. माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "काय आहे, निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. मुली फोन करतात, 'बरे आहात ना' म्हणतात, ते काही विचारणं नव्हे. म्हणून मी जिन्यात उभा राहतो. जिन्यात माणसाला पळता येत नाही." ते जरासे हसले. "तुम्हीच एक पहिले, बायोडाटा आणून दाखवणारे."

हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. त्यांचा मला त्रास होतो, एवढंच मी पाहत होतो. माझी बारा वर्षं त्यांच्या सांगण्यावरून गेली, त्याचा त्यांना केवढा आधार झाला होता, हे मला कुठून कळणार?

"काका, नाही कळवू नका," मी म्हटलं. "जा तुम्ही. मला खरंच सोबत चार पावलं जायचं सुचलं नसतं."

"रागावला नाहीत?"

"रागावलोय. पण जा."

काका कामावर जायला लागले. त्यांना निळा कोट मिळाला. दुसऱ्या आठवड्यात काकू खाली आल्या. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुमचे फार उपकार झाले. सकाळी घर कसं शांत असतं. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे, हे मला आत्ता कळलं."

उपकारकर्ता होऊन मी संगणकापुढे बसलो. पुन्हा दोन तथापि आले होते. मी ते मिटवले, फोन उचलला आणि आमच्या साहेबांना लावला. झालं तेवढं पुरे, असं मी मनाशी ठरवलं होतं. वर्ष पुरं व्हायला अजून अवकाश होता, पण आपली जागा आपल्याला बोलावत असताना परक्या दारात उभं का राहायचं?

"साहेब, मी लवकर परत यायचा विचार करतोय."

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. माझा जीव गलबलला.

"या की हो," साहेब म्हणाले. "म्हणजे... या. भेटायला कधीही या."

"भेटायला नाही, साहेब. कामावर."

"अहो, काय झालं, काम तर थांबत नाही. तुमच्या हाताखालचा तो... त्याला बसवला आम्ही. बरं करतोय पोरगा. तुम्हाला सांगू सांगू म्हणत होतो, पण धीरच होईना."

"पण माझी खुर्ची..."

"ती आहे ना!" साहेबांचा आवाज एकदम खुलला. "खुर्ची तशीच ठेवलीय तुमची. त्याला नवीन घेतली. तुमची गोदामात आहे, प्लास्टिक गुंडाळून. कुणाला हात लावू दिला नाही."

साहेब शब्दाचे पक्के निघाले.

हे मी काही दिवस घरी सांगितलं नाही. जेवताना घड्याळाकडे बघणं मात्र आपोआप थांबलं. रविवारी दुपारी बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. लेक मैत्रिणीकडे गेली होती. मी बायकोसमोर बसून मोज्यांच्या जोड्या लावायला घेतल्या आणि बोलून टाकलं.

"तिकडची जागा गेली."

तिचे हात थांबले. "कधी?"

"गेली होती कधीचीच. मला आत्ता कळलं. मी परत जायचं म्हणून फोन केला होता."

ती रागावेल, रडेल, निदान 'मला न विचारता?' म्हणेल असं वाटलं होतं. ती मोठा सुस्कारा सोडून मागे भिंतीला टेकली.

"मी रोज वाट बघत होते," ती म्हणाली. "आज सांगशील, उद्या सांगशील, की मी चाललो."

"तुला माहीत होतं?"

"रोज जेवताना तिकडची पाळी सांगतोस. अरे, आम्ही दोघी इथं राहायला आलो होतो. तू रजेवर आला होतास."

मी हातातल्या दोन वेगवेगळ्या मोज्यांकडे बघत राहिलो.

"मग मला ओरडत का नव्हतीस?" मी विचारलं. माझा आवाज जरा विचित्रच आला. "भात करपला, तुझ्या बाईंनी बोलावलं, तरी काही नाही."

"चार दिवसांनी जाणाऱ्या माणसाशी काय भांडायचं?" ती म्हणाली. "पाहुण्याला कुणी बोलतं का?"

नोकऱ्यांच्या संकेतस्थळांनी मला शेकडो प्रश्न विचारले होते. हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं, की बाबा रे, तू इथं आलायस का? विमानातून उतरलो होतो, एवढंच. घराची किल्लीसुद्धा मी अजून वेगळी करून घेतली नव्हती. लेकीच्या किल्लीवर भागवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी संगणक उघडला आणि आधी पुसलेली बारा वर्षं परत लिहिली. वक्तृत्वाचं बक्षीस काढून टाकलं. तीन शब्दांच्या जागी लिहिलं, 'पाण्याचे पंप तपासतो.' तेवढंच लिहिलं, आणि मोठ्या कंपन्यांचा नाद सोडून लहान कारखाने बघायला लागलो. त्यात धोबीखान्यांचे आणि पोहण्याच्या तलावांचे पंप दुरुस्त करणारा एक कारखाना सापडला. तिथून चक्क माणसाचा फोन आला. मालकीणबाई स्वतः बोलत होत्या.

"बावीस वर्षं? खरंच?"

"खरंच. मधे काही दिवस दहा होती."

त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी भेटायला बोलावलं. एका पत्र्याच्या शेडमध्ये, तेलाच्या वासात, खऱ्या टेबलाशी माझी पहिली खरी मुलाखत झाली. मालकीणबाई आणि त्यांचा मुकादम, दोघं समोर. पंपांचं बोलणं झटक्यात संपलं. मग बाईंनी कागदात बघून विचारलं, "आपल्या एखाद्या अपयशाबद्दल सांगा."

या प्रश्नाचं उत्तर काकांनी मला जिन्यात घोकून घेतलं होतं. 'मी जरा जास्तच काम करतो, हेच माझं अपयश.' ते माझ्या ओठांवर आलंही. पण समोर दोन जिवंत माणसं बसली होती आणि मला एकदम कंटाळा आला. मी म्हणालो, "माझी शिफारस करायला मी शेजाऱ्यांचं नाव दिलं, तर त्यांनी शेजाऱ्यांनाच ठेवून घेतलं."

मुकादमाच्या तोंडातला चहा टेबलावर आला. बाईंनी सगळी हकीकत सांगायला लावली. मी सांगितली, लंगोटाच्या कारखान्यापासून गोदामातल्या खुर्चीपर्यंत. सांगताना मलाही पहिल्यांदाच हसू आलं, अगदी पोटातून. लेकीनं बघायला हवं होतं.

"तुम्हाला लोकांशी बोलता येत नाही, असं म्हणाले ना ते?" डोळे पुसत बाईंनी विचारलं. मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "हे बघा, इथं प्रमुख-बिमुख कुणी नाही. उभ्यानं काम आहे. हात काळे होतील. तीन महिने बघू, मग ठरवू. चालेल?"

बावीस वर्षांपूर्वी मी असाच उभ्यानं लागलो होतो. मधे बसायची सवय झाली होती. "चालेल," मी म्हटलं.

कामाला लागून आठवडा झाला असेल. पाय दुखत होते, पण गाढ झोप लागत होती. कारखान्यात मला 'वडीलबंधू' म्हणायला लागले होते. ती दोन बायोडाट्यांची गोष्ट मुकादमानं सगळ्यांना सांगितली होती. शनिवारी मी घरकामात मदत करावी म्हणून माझे कामाचे कपडे आणि धुण्याच्या यंत्रापाशी पडलेला कपड्यांचा ढीग एकत्र यंत्रात टाकला आणि बटण दाबलं. त्या ढिगात बायकोचे रुग्णालयातले पांढरे गणवेश होते, सगळे. बाहेर आले ते राखाडी होऊन, आणि मधे मधे ग्रीसची नक्षी.

बायकोनं एक गणवेश उचलून उजेडात धरला. मग माझ्याकडे बघितलं.

"तुला डोळे दिलेत का देवानं?" तिनं सुरुवात केली. "आयुष्यभर लोकांच्या पंपांतले दोष काढलेस, तुला पांढरं आणि काळं कळत नाही? सोमवारी मी काय घालून जाऊ? आणि हे आजचं नाही! तो भात करपवलास तेव्हा बोलले नाही मी. ते पेट्रोल पंपाचं प्रकरण, माझी नोकरी जायची होती त्यात, तेव्हाही बोलले नाही. पत्रांची पेटी..."

दार वाजलं. निळ्या कोटात काका उभे होते. "काय झालं? असं करा, डागांना ना आधी..."

"काका, तुम्ही वर जा!" बायको म्हणाली.

काका गेले. लेक खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात दाबून आत पळाली. बायकोचा आवाज आता जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत सहज पोचत असणार. ती माझ्या आईच्या वळणापर्यंत आली होती. माझा एकूण स्वभाव अजून बाकी होता. मी टेबलाशी खुर्ची ओढली, हात मांडीवर ठेवले आणि नीट बसून ऐकायला लागलो.